कंसातली दोन नावे

आमच्या घरी सकाळी रेडिओ लागलेला असे, तेव्हा गाणे सुरू होण्याआधी निवेदिका तीन नावे सांगत असे: गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे. ती नावे गाण्याचाच भाग आहेत अशी माझी लहानपणी समजूत होती आणि एखाद्या दिवशी ती ऐकायची राहिली, तर गाणे मधूनच सुरू झाल्यासारखे वाटायचे. त्या सवयीमुळेच असेल, पण नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहत असताना जुन्या सामानाच्या एका दुकानात सात इंची तबकडी हाती लागली, तेव्हा माझी नजर गायकांच्या नावाच्या आधी दुसरीकडेच गेली. फिकट निळ्या रंगाचे लेबल होते, त्यावर ढासळू लागलेल्या तबकड्यांच्या चवडीचे चित्र होते आणि 'स्टॅक्स' अशी अक्षरे होती. गाण्याचे नाव होते 'व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी'. त्या नावाखाली, कंसात, चष्मा पुढेमागे केल्याशिवाय वाचता येऊ नयेत इतक्या बारीक अक्षरांत आणखी दोन नावे होती: हेज आणि पोर्टर.

गायकांची नावे मोठ्या अक्षरांत होती, सॅम आणि डेव्ह. तबकडी घरी आणून लावली आणि त्या रात्री ती मी किती वेळा ऐकली याचा हिशोब ठेवला नाही. पहिले कडवे डेव्ह प्रेटर एकटा गातो, खालच्या पट्टीत, आवाज न वाढवता, एखादा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मनातले बोलतो तसा. या जोडीच्या गाण्यांत डेव्हला असे एकट्याचे कडवे क्वचितच मिळाले. मग सॅम मूरचा वरच्या पट्टीतला, धारदार आवाज येतो आणि ज्या दुःखाविषयी डेव्ह नुसता बोलत होता, ते दुःख अचानक अंगावर येते. प्रिय व्यक्तीला काही झाले तर ते मलाच झाले, एवढाच त्या गाण्याचा अर्थ आहे. तो सांगायला दोन आवाज का लागले, आणि त्यांतला खालचा आधी व वरचा नंतर का आला, हे कोणीतरी ठरवले असणार. ते ठरवणारी माणसे कंसात होती. तेव्हापासून मी सोल संगीत कंसातून वाचायला लागले.

सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनातून आणि रिदम अँड ब्लूजमधून आलेले संगीत. देवासाठी उठवलेला आवाज माणसाच्या प्रेमासाठी, विरहासाठी, आणि पुढे हक्कासाठीही वापरण्याचे धैर्य त्यात आहे. त्याचा विषय निघाला की आपण गायकांविषयी बोलतो, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण तो गळा दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. पण त्या गळ्याचे माप घेऊन गाणे बेतणारे दुसरे कोणी होते. चांगला शिंपी गिऱ्हाइकाचा एक खांदा किंचित खाली आहे हे टेपने मोजण्याआधी नजरेनेच ओळखतो, तशी ही माणसे गायकाचा आवाज कुठे चिरकतो, कुठे थरथरतो, कुठे भरून येतो, हे ओळखून होती आणि नेमकी तिथेच शिलाई घालत होती.

मेम्फिस शहरात मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर कॅपिटॉल नावाचे एक बंद पडलेले चित्रपटगृह होते. जिम स्ट्युअर्ट हा बँकेत काम करणारा आणि हौसेने फिडल वाजवणारा गोरा गृहस्थ आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी 1960 मध्ये ते भाड्याने घेतले. एस्टेलबाईंनी त्याआधीच ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेण्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकलेले होते. स्ट्युअर्टमधली दोन अक्षरे आणि ॲक्स्टनमधली दोन, असे मिळून 1961 मध्ये 'स्टॅक्स' हे नाव झाले. खुर्च्या काढल्या, पडदे आणि गालिचे टांगले, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन सपाट करण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. चित्रपटाच्या मध्यंतरात जिथे खाऊ विकला जाई, त्या जागेत एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले.

हे दुकान मला या सगळ्या गोष्टीतले फार महत्त्वाचे पात्र वाटते. वस्तीतली कृष्णवर्णीय मुले तिथे येत, नवी गाणी ऐकत, नाचत, आणि कोणत्या गाण्यावर पाय आपोआप हलतात हे एस्टेलबाई गल्ल्यामागे उभ्या राहून पाहत. नवी तबकडी खपू लागली की त्या ती आत स्टुडिओत घेऊन जात आणि हिच्यात असे काय आहे की लोक खिशातले पैसे काढून देतात, याचा विचार करायला आतल्या मुलांना लावत. डेव्हिड पोर्टर हा त्या मुलांपैकी एक. तो रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात काम करत असे आणि संधी मिळेल तेव्हा रस्ता ओलांडून इकडे येई. डेट्रॉइटहून येणाऱ्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांचा तर त्याने शाळकरी चिकाटीने अभ्यास केला. कडवे किती ओळींचे, मुखडा केव्हा येतो, गोष्ट कोणत्या ओळीला कळते, हे तो सुटे करून पाहत असे.

आयझॅक हेजची वाट अधिक खडतर होती. 1942 मध्ये टेनेसीतल्या कोव्हिंग्टन या गावी त्याचा जन्म झाला आणि दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्या आजीआजोबांनी त्याला वाढवले. लहानपणी त्याने कापूस वेचला, पुढे मांस पॅक करण्याच्या कारखान्यात काम केले आणि पियानो ऐकून ऐकूनच शिकला, नोटेशन त्याला वाचता येत नसे. स्टॅक्सचा नेहमीचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स इंडियाना विद्यापीठात शिकायला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी त्याला वाजवायला बोलावले, एवढेच त्याचे निमित्त. पोर्टर किराण्याच्या जोडीला विमाही विकत असे आणि विमा विकायला म्हणूनच तो हेजकडे गेला होता, असे त्याने सांगितले आहे. बोलणे निघाले आणि विम्याऐवजी दोघांनी एकत्र गाणी लिहायची ठरवले. ढोबळमानाने शब्द पोर्टरचे आणि संगीत हेजचे, पण पियानोपाशी ही वाटणी टिकत नसे. एकाने शब्द उच्चारला की त्याच्या चढउतारातून दुसऱ्याला चाल दिसे आणि चालीतल्या एखाद्या रिकाम्या मात्रेमुळे पहिल्याला शब्द बदलावासा वाटे. जिथे जोडी खरी असते तिथे असेच होत असावे, असे मला आपल्याकडच्या जोड्यांकडे पाहूनही वाटत आले आहे.

1965 मध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक या तबकड्यांच्या कंपनीने सॅम आणि डेव्ह यांना स्टॅक्सकडे पाठवले. करार अटलांटिकशी, पण गाणी मेम्फिसमध्ये करायची, अशी ती उसनी व्यवस्था होती. दोघेही चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. हेज आणि पोर्टर यांनी ते ओळखले आणि चर्चमधली हाक-प्रतिसादाची रीत, म्हणजे एकाने ओळ टाकायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, तीच या दोघांसाठी गाण्याचा सांगाडा म्हणून घेतली. 'यू डोंट नो लाइक आय नो' हे त्यांचे पहिले यशस्वी गाणे एका भक्तिगीतावरूनच सुचले. देवाने माझ्यासाठी काय केले ते तुम्हाला काय ठाऊक, या भावाच्या जागी त्यांनी एक स्त्री आणली आणि बाकीची तळमळ तशीच ठेवली. आपल्याकडे अभंगातली आर्तता भावगीतात कशी झिरपली आहे हे ज्याने ऐकले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही, पण चर्चला जाणाऱ्या अनेक कुटुंबांना ते सहज पचण्यासारखे नव्हते.

'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' या गाण्याची जन्मकथा पोर्टर आणि हेज या दोघांनीही अनेकदा सांगितली आहे. रात्री उशिरापर्यंत बसूनही काही जमत नव्हते, पोर्टर शौचालयात गेला आणि इकडे हेजच्या बोटांना काहीतरी सापडले. त्याने ओरडून हाका मारायला सुरुवात केली. पोर्टरने आतूनच ओरडून सांगितले की थांब जरा, येतोय. आणि आपण आत्ता काय बोललो हे लक्षात येताच तो कपडे सावरत धावत बाहेर आला. पुढचे गाणे काही मिनिटांत झाले. ही गोष्ट लोक हसण्यासाठी सांगतात, मला मात्र त्यातले दुसरे काही महत्त्वाचे वाटते. ते शब्द कानावर पडताच त्यांतला धावून येणाऱ्या मित्राचा दिलासा पोर्टरने ओळखला. सबंध गाणे त्या दिलाशावर उभे आहे: बुडत असशील तर धरून ठेव, मी निघालो आहे. शब्द साधे बोलण्यातलेच राहिले आणि तरीही सुरुवातीच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ललकारीमुळे ते घोषणेसारखे ऐकू येतात. शीर्षकात चावटपणा आहे असा रेडिओवाल्यांचा आक्षेप आल्यावर छापील नावात थोडा बदल करावा लागला, पण 1966 मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलेच.

वाद्यांच्या त्या ललकाऱ्या कागदावर लिहिलेल्या नसत. हेज त्या गुणगुणून दाखवी आणि वेन जॅक्सनचा ट्रम्पेट व अँड्र्यू लव्हचा सॅक्सोफोन त्या उचलत. बाकीचा ताफा म्हणजे बुकर टी. अँड द एम.जी.ज: ऑर्गनवर जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर डोनाल्ड 'डक' डन आणि ड्रमवर अल जॅक्सन, दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे. मेम्फिससारख्या दक्षिणेतल्या शहरात हे चौघे बाहेर एका टेबलाशी बसून जेवले असते तरी लोकांच्या नजरा वळल्या असत्या. आत मात्र त्यांचा श्वास एक होता, आणि तो ऐकायचा असेल तर अल जॅक्सनचा ठेका ऐकावा. 1965 मध्ये विल्सन पिकेट या गायकाच्या 'इन द मिडनाइट अवर'च्या ध्वनिमुद्रणावेळी अटलांटिकचा निर्माता जेरी वेक्सलर काचेमागून उठून बाहेर आला आणि त्याने सगळ्यांसमोर नाचून दाखवले, कारण तरुण मुले तेव्हा नवा नाच नाचत होती आणि त्यात जोर दुसऱ्या मात्रेवर पडत होता. क्रॉपर आणि जॅक्सन यांनी ते पाहिले आणि दुसरी व चौथी मात्रा केसभर उशिरा टाकायला सुरुवात केली. लय तुटत नाही आणि ठेका चुकतही नाही, पण ऐकणाऱ्याला आत कुठेतरी पुढे झुकून वाट पाहावी लागते. आपल्याकडे कसलेला तबलजी ठाय लयीत बोल किंचित मागे ठेवून गायकाला जागा करून देतो, त्याची मला इथे हटकून आठवण होते. त्या केसभर उशिरातच मेम्फिसच्या गाण्यांचे सगळे ऐसपैस वागणे आहे.

डेट्रॉइटची रीत वेगळी होती. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन 1959 मध्ये मोटाउन कंपनी काढली. त्याआधी तो मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करत होता, आणि तीच शिस्त त्याने 2648 वेस्ट ग्रँड बुलेवार्ड या घरात आणली. दर आठवड्याच्या बैठकीत नवी गाणी ऐकून मते घेतली जात. तिथले सर्वांत यशस्वी त्रिकूट म्हणजे ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि ब्रायनचा थोरला भाऊ एडी हॉलंड. 1964 मध्ये 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे त्यांचे गाणे मार्व्हेलेट्स या गटाने नाकारले आणि तोवर अपयशीच ठरलेल्या सुप्रीम्सच्या पदरात पडले. सुरुवातीला ऐकू येणारा तो ठकठक आवाज टाळ्यांचा वाटतो, पण तो लाकडी फळ्यांवर पाय आपटल्याचा आहे. तिथून या त्रिकुटाची आणि सुप्रीम्सची सलग पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

मोटाउनला कारखाना म्हणून हिणवणारे लोक मला भेटले आहेत आणि ते मला पटत नाही. 1966 चे फोर टॉप्सचे 'रीच आउट, आय विल बी देअर' ऐकावे. त्यांचा मुख्य गायक लीव्हाय स्टब्सचा आवाज मुळात भारदस्त, खर्जाकडे झुकणारा. या त्रिकुटाने गाणे मुद्दाम त्याच्या आवाक्याच्या वरच्या टोकाला बेतले, म्हणजे त्याला सहज गाता येऊ नये आणि प्रत्येक ओळ पोहोचण्यासाठी हात उंचावावा लागावा. 'हात पुढे कर, मी आहे' असे सांगणारा माणूस स्वतःच टाचा उंचावून उभा आहे, हे आपल्याला शब्दांतून कळत नाही, त्याच्या ताणलेल्या गळ्यातून कळते. असे काम जुळणीच्या पट्ट्यावर होत नाही. आणि खाली बासवर जेम्स जेमरसन आहे, उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडणारा, ज्याची धून काढून टाकली तर अर्धे मोटाउन कोसळेल. तो आणि त्याचे सोबती वर्षानुवर्षे त्या तळघरवजा स्टुडिओत वाजवत होते, पण मोटाउनच्या तबकडीवर त्यांची नावे छापली गेली ती 1971 मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. ही मंडळी कंसातसुद्धा नव्हती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यमेळ लिहून देणाऱ्या आणि वाजवणाऱ्या गोव्याच्या कलावंतांची नावे श्रेयनामावलीत किती काळ आली नाहीत हे आठवले, की मला ही दोन दुःखे सख्खी वाटतात. खुद्द हॉलंड-डोझियर-हॉलंड यांचेही कंपनीशी पैशांवरून बिनसले आणि प्रकरण कोर्टात गेले.

स्टॅक्समध्ये निदान काही काळ एक न्याय्य गोष्ट घडली, ती सांगायला हवी. एम.जी.जचे चौघे आणि हेज व पोर्टर अशा सहा जणांनी निर्मितीच्या मोबदल्याचा सामाईक गल्ला केला. गाणे कोणीही घडवलेले असो, वाटा सारखा. म्हणून त्या काळच्या अनेक तबकड्यांवर निर्मात्याच्या जागी एका माणसाचे नाव न येता 'स्टाफ' एवढेच छापलेले दिसते. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मला कोरडा, कचेरीतला वाटला होता. त्याचा अर्थ कळल्यावर मी तो बोट लावून पुन्हा वाचला.

1967 च्या जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली. दूरचित्रवाणीवर हेजने पाहिले की ज्या दुकानांच्या दारावर 'सोल' असे लिहिलेले आहे ती जाळपोळीतून वगळली जात आहेत. त्याला बायबलमधल्या त्या रात्रीची आठवण झाली, ज्या रात्री दाराच्या चौकटीवर कोकराचे रक्त लावलेल्या घरांना मृत्यूने स्पर्श केला नाही. त्यातून 'सोल मॅन' आले. दारावर लिहिलेला शब्द माणसाच्या छातीवर आला: मी कुठून आलो ते मी जाणतो आणि त्याचा मला अभिमान आहे. गाण्यात गिटारचा एक घसरता स्वर आहे, तो क्रॉपरने सिगारेटचा लायटर तारांवरून फिरवून काढला आणि तो ऐकताच सॅम गाता गाता त्याला नावाने हाक मारून 'वाजव' म्हणतो. ती हाक ध्वनिमुद्रणात तशीच राहिली. एका कृष्णवर्णीय गायकाने एका गोऱ्या गिटारवादकाला, आपल्या अस्मितेच्या गाण्यात, अशी आपुलकीने हाक मारावी हे त्या वर्षी, मेम्फिसमध्ये किती मोलाचे होते, हे पुढच्या काही महिन्यांनी दाखवले.

10 डिसेंबर 1967 रोजी विमान कोसळून स्टॅक्सचा गाजलेला गायक ओटिस रेडिंग गेला. त्यानंतर चार महिन्यांनी, 4 एप्रिल 1968 रोजी, मेम्फिसमधल्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. हे मोटेल म्हणजे स्टॅक्सच्या मंडळींची हक्काची जागा होती, कारण गोरे आणि कृष्णवर्णीय जिथे उजळ माथ्याने एकत्र बसू शकत अशी ठिकाणे शहरात मोजकीच होती. क्रॉपर आणि पिकेट यांनी 'इन द मिडनाइट अवर' तिथेच लिहिले होते. 'नॉक ऑन वूड' क्रॉपर आणि गायक एडी फ्लॉइड यांनी तिथेच, बाहेर वीज कडाडत असताना लिहिले, आणि ती वीज गाण्यातही आली. त्याच इमारतीच्या सज्जात आता रक्त सांडले. हेजने पुढे सांगितले की मनात इतका कडवटपणा साचला होता की सुमारे वर्षभर त्याला काही लिहिता आले नाही. मला या वाक्याची फार भीती वाटते. ज्याची बोटे काही मिनिटांत गाणे उभे करत होती, त्याच्यापुढे पियानो तसाच होता, पोर्टरही होता, पण गाणे येत नव्हते.

त्यातच स्टॅक्सचा अटलांटिकशी असलेला वितरणाचा करार संपला. ती कंपनी विकली गेली होती आणि नव्याने बोलणी सुरू झाली तेव्हा जिम स्ट्युअर्टला कळले की त्याने 1965 मध्ये सही केलेल्या कागदानुसार अटलांटिकमार्फत वितरित झालेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे हक्क अटलांटिकचेच आहेत. सॅम आणि डेव्हही उसनेच होते, तेही परत गेले. गायक तेच होते, त्यांचे गळे तेच होते आणि चांगले निर्माते त्यांना न्यूयॉर्कमध्येही मिळू शकत होते, पण अमेरिकेत तसे यश त्यांच्या वाट्याला पुन्हा आले नाही. दोघांचे आपसांत आधीच पटत नव्हते, मंचाबाहेर ते वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नसत. ते न बोलणारे दोघे ज्या गाण्यांत एकमेकांची वाक्ये पूर्ण करताना ऐकू येतात, ती गाणी दुसऱ्या दोघांनी एका पियानोशी बसून लिहिली होती. हेज पुढे 1969 च्या 'हॉट बटर्ड सोल' या अल्बममधून स्वतःच मोठा गायक झाला आणि जोडीचे काम हळूहळू मागे पडले. 1975 च्या अखेरीस स्टॅक्स दिवाळखोरीत गेली आणि 1989 मध्ये ती इमारत पाडण्यात आली.

भारतात परतण्याआधी मी मेम्फिसला गेले. त्याच जागेवर 2003 मध्ये जुन्या चित्रपटगृहासारखीच दिसणारी इमारत उभारून तिथे संग्रहालय केले आहे. हेजची सोनेरी कलाकुसरीची कॅडिलॅक गाडी तिथे ठेवली आहे आणि बहुतेक लोक तिच्यापाशी छायाचित्रे काढत होते. मी स्टुडिओच्या खोलीत गेले. नव्याने बांधतानाही तिथली जमीन जुन्यासारखीच उतरती ठेवली आहे. दाराशी पाऊल टाकले आणि पोटऱ्यांना तो उतार जाणवला. आधी वाटले आपलाच तोल गेला. मग भिंतीला हात लावून सावकाश खाली उतरत, वाद्ये मांडलेली आहेत तिथपर्यंत गेले आणि काही वेळ तशीच, एक पाय किंचित खाली ठेवून, उभी राहिले.